घड्याळांचेही फोटो काढा, आणि खाली नाव लिहा

सोन्याचा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकीला तोंडपाठ असतो. मंगळसूत्र किती तोळ्यांचं, पाटल्या कोणी केल्या, कानातली कुठल्या दिवाळीला मोडून नवी घेतली, सगळं सांगता येतं. पण घरात मनगटी घड्याळं किती आहेत, कुठलं कोणाचं, ते कोणी आणि कधी घेतलं, असं विचारून बघा. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं : “असतील कपाटात कुठेतरी. बंदच आहेत सगळी.”

मैत्रिणींनो, या बंद घड्याळांविषयीच आज बोलायचं आहे. माझं म्हणणं अगदी साधं आहे. घरातल्या प्रत्येक घड्याळाचा नीट फोटो काढावा, तो घरातल्या बाईनेच काढावा आणि त्याखाली घड्याळ कोणाचं ते लिहावं. मी हे काम या उन्हाळ्यात केलं. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून, टेबलाच्या खणातून आणि सासूबाईंच्या ट्रंकेतून मिळून अकरा घड्याळं निघाली. त्यातली सहा बायकांची होती.

सहा बायकांची म्हटल्यावर आश्चर्य वाटतं ना? खरं तर वाटू नये. मनगटावर घड्याळ बांधायची पद्धत मुळात बायकांचीच. नेपल्सच्या राणीने, कॅरोलिन म्यूराने, १८१० साली पॅरिसच्या ब्रेगेकडे मनगटावर बांधायचं घड्याळ करायला सांगितल्याची नोंद आहे. स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिपने १८६८ साली हंगेरीतल्या एका सरदारपत्नीसाठी असंच घड्याळ केलं. पुरुष तेव्हा साखळीचं घड्याळ खिशात ठेवत आणि मनगटी घड्याळ म्हणजे बायकी दागिना समजत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढून बघणं परवडेना, म्हणून त्यांनी ते मनगटावर बांधलं. मग ते पुरुषांचं झालं! आणि बायकांच्या वाट्याला काय आलं? हरभऱ्याएवढी तबकडी. तिच्यावरचे आकडे वाचायला चाळिशीनंतर चष्मा लागतो.

आपल्याकडे घड्याळ सर्वसामान्य घरात आलं ते एचएमटीमुळे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला कारखाना सुरू झाला. ‘जनता’ हे त्यांचं चावीचं घड्याळ तर घरोघरी होतं, आणि त्याच्या काही तबकड्यांवर नाव देवनागरीत असे. बायकांसाठी ‘सुजाता’ होतं. मग टाटा आणि तमिळनाडूचं औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून १९८४ साली टायटन काढली, आणि होसूरच्या कारखान्यातून सेलवर चालणारी क्वार्ट्‌झ घड्याळं येऊ लागली. रोज चावी द्यायचं काम गेलं. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली, आणि जी घड्याळं आपण ‘जुनाट’ म्हणून खणात टाकली होती ती शोधत लोक फिरू लागले.

पण किमतीसाठी फोटो काढा असं मी म्हणत नाही. माझ्या आईचं सुजाता घ्या. ती शाळेत शिक्षिका होती. पगारातून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून तिने ते घेतलं. तिच्या अंगावरचे दागिने माहेरचे किंवा सासरचे होते. स्वतःच्या कमाईची, स्वतः दुकानात जाऊन निवडलेली वस्तू ही एकच. दागिना पाहून बाईला कोणी काय दिलं ते कळतं. घड्याळ पाहून कळतं की तिला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. पहिली घंटा, सकाळची एसटी, दवाखान्यातली पाळी. आपल्या घरांतल्या नोकरी करणाऱ्या पहिल्या पिढीच्या बायकांची दुसरी कुठली खूण आपण जपून ठेवली आहे, सांगा बघू?

त्या घड्याळाच्या पट्ट्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला, तेव्हा एक गोष्ट दिसली. पट्ट्याला कारखान्यातली भोकं होतीच. त्यांच्यापुढे दाभणाने पाडलेली आणखी दोन होती, जरा वाकडी. शेवटच्या आजारपणात आईचं मनगट बारीक होत गेलं, तशी ती पाडली होती. म्हणजे अंथरुणाला खिळल्यावरही ती घड्याळ बांधत होती. हे मला आठवत नव्हतं असं नाही, पण ते पट्ट्यावर लिहिलेलं आहे हे फोटो काढेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

आता पुरुषांच्या घड्याळांचं काय होतं बघा. आजोबांचं घड्याळ मोठ्या नातवाला मिळतं, आणि देताना त्याची गोष्टही सांगतात. बाईचं घड्याळ मात्र लहान, पट्टा तुटका, सेल संपलेला. ते कोणाला तरी देऊन टाकतात किंवा भंगारात जातं, आणि तिची गोष्टही त्याच्यासोबत जाते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. नोंद नसते, एवढंच.

नोंद ही किती कामाची गोष्ट आहे हे कायदाही सांगतो. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची यादी करावी, वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहावं, आणि ती यादी वधूने ठेवावी, असं हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधनावर बाईचीच मालकी असते, असं स्पष्ट सांगितलं. लग्नात मिळालेलं घड्याळही यातच आलं. अशी यादी किती घरांत सापडेल? नुसता फोटो हा मालकीचा दाखला होत नाही, हे खरं. पण चोरी झाली, वाटणीत वाद निघाला, विम्याचा दावा करायचा झाला, तर “सोनेरी रंगाचं, लहानसं” या वर्णनापेक्षा फोटो आणि झाकणावरचा नंबर केव्हाही बरा.

दुरुस्तीला देतानाही तेच. माझ्या मावशीचं घड्याळ एका दुकानातून परत आलं, ते तबकडी बदलूनच. “पहिल्यापासून अशीच होती,” म्हणाले. मावशीकडे दाखवायला काहीच नव्हतं. आता आम्ही घड्याळ दुकानात देण्याआधी पुढून, मागून फोटो काढतो, आणि शक्य तर दुकानदारासमोरच काढतो. वागण्यात बोलण्यात फरक पडतो हो!

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे फोटोग्राफी येते? अहो, साधा मोबाइल पुरतो. फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद. ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ टेबल घ्या. ऊन येत असेल तर काचेवर बटर पेपर चिकटवा, उजेड मऊ होतो. खाली एकरंगी कापड घाला. नक्षीची चादर नको. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली उजळते. घड्याळ आधी मऊ सुती कापडाने कोरडंच पुसा, नाहीतर फोटोत बोटांचे ठसे घड्याळापेक्षा मोठे दिसतात.

मुख्य त्रास काचेचा. तिच्यात आपला मोबाइल आणि आपलंच तोंड दिसतं. त्यासाठी काळ्या कागदाला कॅमेऱ्याएवढं भोक पाडून तो मोबाइलपुढे धरा, किंवा घड्याळ किंचित तिरकं करा. अगदी जवळ जाऊ नका, तबकडी फुगीर दिसते. थोडं लांबून दुप्पट झूम करा. तबकडीवर बोट टेकवून फोकस धरा. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवले की कंपनीचं नाव झाकलं जात नाही. जाहिरातींत असंच असतं. सेलच्या घड्याळाची चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो. जुनी चावीची काही घड्याळं मात्र थांबत नाहीत, त्यांना चालू द्या.

प्रत्येकाचे चार फोटो पुरेत : तबकडी, मागचं झाकण, पट्टा, आणि शेजारी पट्टी ठेवून एक मापासाठी. बिल किंवा डबी असेल तर पाचवा. ओरखडे लपवू नका. झाकण घरी सुरीने उघडायचा प्रयत्नही नको. फार जुन्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांच्या रंगात रेडियम असू शकतं. असा रंग लावताना ब्रशचं टोक ओठांनी जुळवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली १९२० च्या दशकात त्यानेच आजारी पडल्या आणि दगावल्या. बंद झालेल्या क्वार्ट्‌झ घड्याळातला सेल मात्र दुकानात जाऊन काढून घ्या. तो आत पाझरला तर मशीन जातं.

आमच्या जाऊबाई म्हणाल्या, “एवढं कौतुक कशाला? दिखावाच तो!” त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. घरातल्या वस्तूंचे फोटो स्टेटसला टाकून घर कधी बंद असतं तेही सांगणारे लोक आहेत. म्हणून हे फोटो आपल्यापुरते ठेवा. मुलांपैकी एकाच्या मोबाइलवर प्रत द्या, आणि स्टुडिओतून छापून एक साधा अल्बम करा, कारण मोबाइल बदलतात. प्रत्येक फोटोखाली तीन ओळी लिहा : घड्याळ कोणाचं, कसं आलं, ते बांधून ती कुठे जात असे.

ही तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. ती सांगणारी माणसं अजून घरात आहेत तोवरच ती लिहिता येईल. सासूबाईंना विचारा, आत्याला फोन करा. घड्याळाचं निमित्त काढलं की बायका बोलतात. एरवी “तुमची नोकरी कशी होती?” विचारलं तर “त्यात काय सांगायचं” म्हणून विषय बंद करतात. माझ्या अकरापैकी दोन घड्याळांची तिसरी ओळ कोरीच राहिली आहे, कारण सांगणारं कोणी उरलं नाही. तुमच्या अल्बममध्ये एकही जागा कोरी राहू नये, म्हणून येत्या रविवारीच डबा उघडा.