बाहुला तोच, भय निराळे

गाजलेला जुना भयपट हॉलिवुडमध्ये नव्याने निघणार अशी बातमी आली की, दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. जुन्या चित्रपटाचे चाहते ‘मुळाची सर येणे शक्य नाही’ असा निकाल प्रदर्शनापूर्वीच देऊन मोकळे होतात. निर्माते मात्र तंत्र किती पुढे गेले आहे, रक्तपात किती खरा वाटतो, याची जाहिरात करतात. रिमेकची पारख करण्यासाठी या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. निष्ठा हा गुण असता तर मूळ चित्रपटच पुन्हा पडद्यावर लावणे पुरेसे झाले असते, आणि तंत्रानेच भीती निर्माण होत असती तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटांनी आज कोणाचीही झोप उडवली नसती.

एक खुनी एकेका पात्राला गाठून धारदार शस्त्राने संपवतो, अशी सरळ मांडणी असलेल्या भयपटांना ‘स्लॅशर’ म्हणतात. हे चित्रपट स्वस्तात तयार होतात, त्यांना मोठ्या ताऱ्यांची गरज नसते आणि खुन्याचा मुखवटा किंवा चेहरा हीच त्यांची बाजारातील ओळख असते. २००३ साली ‘द टेक्सास चेनसॉ मॅसेकर’चा रिमेक एक कोटी डॉलरच्या आत तयार झाला आणि त्याने जगभरात दहा कोटींहून अधिक कमावले. त्यानंतर ‘हॅलोविन’ (२००७), ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (२००९), ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (२०१०) अशी रांगच लागली. या लाटेमागचे आर्थिक गणित त्यावरून स्पष्ट होते. कलात्मक गणित मात्र बहुतेक वेळा चुकले.

ते चुकण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली नकलेची. गस व्हॅन सँट यांनी १९९८ साली हिचकॉक यांचा ‘सायको’ जवळपास दृश्यामागून दृश्य जसाच्या तसा, फक्त रंगीत करून काढला. जे १९६० साली प्रेक्षकांना हादरवणारे होते, ते त्यांना पाठ झालेल्या धड्यासारखे वाटले. दुसरी तऱ्हा चकचकीतपणाची. ‘टेक्सास’च्या १९७४ आणि २००३ च्या दोन्ही आवृत्त्यांचे छायालेखक एकच, डॅनियल पर्ल. मूळ चित्रपटात मात्र कत्तलखान्यात नवी यंत्रे आल्याने निरुपयोगी ठरलेले कुटुंब होते, पेट्रोल संपलेला पंप होता, एका उद्ध्वस्त प्रदेशाची कळा होती. नव्यात छायाचित्रण देखणे झाले, पण तो आशय पुसट झाला. तिसरी तऱ्हा स्पष्टीकरणाची. जॉन कार्पेंटर यांच्या १९७८ च्या ‘हॅलोविन’मधील मायकेल मायर्स खून का करतो, हे कोणालाच ठाऊक नसते. रॉब झॉम्बी यांनी २००७ साली त्याला दारुडा सावत्र बाप, छळणारे सोबती आणि दुःखी बालपण दिले. खुन्याची कैफियत मिळाली, पण त्याचे गूढ गेले.

या तिन्ही चुकांच्या मुळाशी एकच दुर्लक्ष आहे. भयपट ज्या भीतीवर उभा असतो, ती त्या त्या काळाची असते. म्हणून रिमेकला विचारायचा खरा प्रश्न असा की, जुन्या सांगाड्यात त्याने आपल्या काळाची भीती शोधली काय, आणि शोधली असल्यास ती शेवटपर्यंत निभावली काय. या कसोटीवर तपासण्यासारखा चित्रपट म्हणजे लार्स क्लेव्हबर्ग दिग्दर्शित ‘चाइल्ड्स प्ले’ (२०१९).

टॉम हॉलंड यांचा मूळ ‘चाइल्ड्स प्ले’ नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. शिकागोत पोलिसांच्या गोळीने घायाळ झालेला खुनी चार्ल्स ली रे खेळण्यांच्या दुकानात शिरतो आणि मंत्रसामर्थ्याने आपला आत्मा ‘गुड गाय’ नावाच्या बाहुल्यात घालतो. हा बाहुला सहा वर्षांच्या अँडीला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो. त्या काळात अशा बाहुल्याला मोठा अर्थ होता. १९८३ च्या नाताळात ‘कॅबेज पॅच’ बाहुल्यांसाठी अमेरिकेतील दुकानांत अक्षरशः झोंबाझोंबी झाली होती. १९८४ साली मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांवरील जाहिरातींचे निर्बंध सैल झाले आणि खेळणी विकण्यासाठीच काढलेल्या कार्टून मालिकांचा पूर आला. मूळ कथाकार डॉन मॅन्सिनी यांचा रोख मुलांना ग्राहक बनवणाऱ्या या व्यवहारावर होता. अँडी ज्या बाहुल्यासाठी हट्ट धरतो, त्याचीच मालिका तो पाहतो आणि त्याचेच चित्र असलेली न्याहारी खातो.

या चित्रपटातील सर्वांत गाजलेले दृश्य रक्ताविना आहे. अँडीची आई बाहुल्याचे खोके उचलते आणि त्यातून बॅटऱ्या खाली पडतात. बाहुल्यात बॅटरी घातलेलीच नव्हती. मग तो इतके दिवस बोलत कसा होता? १९८८ ची भीती या एका प्रश्नात मावते. यंत्र यंत्रासारखे वागत नाही, त्यात दुसरेच कोणीतरी बसले आहे, ही ती भीती होय.

२०१९ च्या चित्रपटाने नेमका हाच कणा बदलला. येथे आत्मा नाही, मंत्र नाही, खुनीही नाही. ‘बडी’ हा कास्लन नावाच्या बड्या कंपनीचा बाहुला आहे. तो घरातील टीव्हीशी, वातानुकूलन यंत्रणेशी, मोटारीशी जोडला जातो आणि आपल्या मालकाच्या सवयी पाहून शिकत जातो. व्हिएतनाममधील कारखान्यातून काढून टाकलेला एक कामगार जीव देण्यापूर्वी एका बाहुल्यातील सुरक्षेची सारी बंधने काढून टाकतो. तोच बाहुला दुकानात परत आलेला सदोष माल म्हणून एका कष्टकरी आईच्या हाती पडतो आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या, एकाकी अँडीकडे येतो. त्याला बॅटरी आहे, जोडणी आहे, सारे काही आहे. भीती अशी की तो सांगितले तेच करतो.

चित्रपटाचा पूर्वार्ध ही कल्पना चांगली फुलवतो. अँडी आणि त्याचे मित्र एक हिंसक भयपट पाहत खिदळत असतात. ते हसतात म्हणजे हे आवडणारे काहीतरी असावे, असा हिशेब बाहुला मांडतो आणि स्वयंपाकघरातील सुरी घेऊन पुढे येतो. मांजराने अँडीला ओरबाडले की मांजराचा निकाल लागतो. आईचा मित्र नकोसा झाला आहे, असे मुलगा रागाच्या भरात बोलतो आणि बाहुला तो शब्द आज्ञा मानतो. मूळ चित्रपटात ब्रॅड डूरिफ यांच्या आवाजातील चकी शिवराळ आणि मुरलेला गुन्हेगार होता. मार्क हॅमिल यांच्या आवाजातील नवा चकी सुरुवातीस केविलवाणा आहे. त्याला फक्त मित्र हवा आहे. बेअर मॅकक्रिअरी यांच्या संगीतात खेळण्यांतील वाद्यांचे सूर मिसळले आहेत, तेही या केविलवाणेपणाला पोषक ठरतात. मूल घरात जे बोलते, पाहते, ज्यावर हसते, ते सारे टिपून घेणारे कोणीतरी खोलीत असणे, ही २०१९ च्या पालकांची खरी भीती होती. चित्रपटाने ती अचूक पकडली.

चकीतून खुन्याचा आत्मा काढून टाकणे म्हणजे चकीच नाहीसा करणे, असा आक्षेप जुन्या चाहत्यांनी घेतला. त्याला हक्कांच्या वादाचीही किनार होती. पुढील भाग युनिव्हर्सलकडे गेले, तर पहिल्या चित्रपटाचे हक्क एमजीएमकडे राहिले. त्यामुळे जन्मदात्याचा सहभाग नसतानाही रिमेक काढता आला. मॅन्सिनी यांनी आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली आणि २०२१ पासून ‘चकी’ ही दूरचित्रवाणी मालिका काढून मूळ कथा आपल्या पद्धतीने पुढे नेली. ती २०२४ पर्यंत चालली. लेखकाची ही व्यथा रास्त आहे. पण मुळात इतका फेरफार करूच नये, हे तत्त्व म्हणून मान्य करता येत नाही.

त्याचा दाखला मराठी प्रेक्षकांच्या घरातच आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा ‘चाइल्ड्स प्ले’च्याच बीजातून उगवलेला. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्काराकडून मिळवलेल्या मंत्राने आपला आत्मा बाहुल्यात घालतो, इथवर कथा तीच आहे. कोठारे यांनी मात्र बाहुला लहान मुलाच्या हाती न देता लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भाबड्या लक्ष्याकडे दिला आणि त्याला शब्दभ्रमकार केले. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या आणि अर्धवटराव महाराष्ट्राला आधीपासून परिचित होते. तात्या विंचूचा बाहुलाही पाध्ये यांनीच खेळवला आणि त्याला दिलीप प्रभावळकर यांचा आवाज लाभला. खेळण्यांच्या बाजारावरील टीका मराठीत उतरवण्यात अर्थ नव्हता, कारण तसा बाजार तेव्हा येथे नव्हताच. ‘बाहुला बोलतो आहे’ या वाक्यावर कोणी विश्वास ठेवू नये, यासाठी शब्दभ्रमकाराहून योग्य नायक मराठीत सापडला नसता. भीतीचे हसू झाले, पण कथेला स्थानिक आधार मिळाला. म्हणूनच तात्या विंचू नक्कल वाटत नाही. कणा बदलणे हा गुन्हा नव्हे. बदललेला कणा भार पेलतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

येथेच २०१९ चा रिमेक कमी पडतो. उत्तरार्धात केविलवाणा चकी डूख धरणारा, डाव रचणारा नेहमीचा खलनायक होतो. एका दुकानात नव्या बाहुल्याच्या विक्रीच्या रात्री त्याच्या हुकमावर खेळणी आणि ड्रोन गर्दीवर तुटून पडतात. दृश्य रंगतदार आहे, पण यंत्र आज्ञाधारक असल्याची भीती तेथे संपते आणि यंत्र दुष्ट असल्याची जुनीच भीती परत येते. त्याहून गंभीर गोष्ट दोषाच्या वाटणीची आहे. कथेत सारा अनर्थ एका पिचलेल्या कामगाराच्या सूडामुळे घडतो. बाहुले माघारी बोलावण्याची घोषणा करून कंपनी एका छोट्या प्रसंगात मोकळी होते. मुलाचा प्रत्येक शब्द टिपणारे खेळणे बाजारात आणावे की नाही, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. त्याच्या मते नीट बनवलेला बडी निर्धोक आहे. बिघडवलेला तेवढा घातक.

प्रत्यक्षातील अनुभव याच्या उलट आहे. मुलांशी गप्पा मारणारी आणि त्यांचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवणारी ‘हॅलो बार्बी’ २०१५ साली बाजारात आली, तेव्हा खासगीपणाचा प्रश्न उभा राहिला तो तिच्या रचनेमुळेच. जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. ही बाहुली म्हणजे छुपे हेरगिरीचे उपकरण आहे, असे ठरवून ती नष्ट करण्यास पालकांना सांगण्यात आले. या बाहुलीत कोणा कामगाराने घातपात केलेला नव्हता. ती जशी बनवायची होती तशीच बनली होती. वास्तव ज्या टोकाला दोन वर्षे आधीच पोचले होते, त्या टोकापर्यंत जाण्याचे धाडस भयपटाला झाले नाही.

हे धाडस पुढे ‘मेगन’ने काही अंशी केले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात यंत्रबाहुली तयार करणारी अभियंता स्वतःच अनाथ भाचीची पालक आहे आणि पोरक्या मुलीला वेळ देण्याऐवजी ती तिला अर्धवट तयार झालेले यंत्र देते. घातपात करणारा तिसरा कोणी नाही. जबाबदारी टाळायला जागाच उरत नाही. सुमारे १.२ कोटी डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १८ कोटी मिळवले. ‘चाइल्ड्स प्ले’च्या रिमेकची कमाई सुमारे साडेचार कोटी, म्हणजे मूळ चित्रपटाने १९८८ साली मिळवली जवळपास तेवढीच. मधल्या काळातील महागाई धरली तर निम्म्याहूनही कमी. तिकीटबारी हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. पण तोच विषय चकीच्या नावाविना अधिक लोकांपर्यंत पोचला, ही गोष्ट नावाच्या भांडवलावर विसंबणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

तरीही २०१९ च्या या चित्रपटाला सरसकट नाकारणे अन्यायाचे ठरेल. ‘सायको’ची नक्कल, ‘टेक्सास’चा चकचकीतपणा आणि ‘हॅलोविन’चे स्पष्टीकरण या तिन्ही खड्ड्यांना वळसा घालून त्याने मूळ प्रश्न नव्याने विचारला, हे त्याचे श्रेय आहे. उत्तर देताना मात्र तो कचरला. आता गप्पा मारणारी, शिकणारी खेळणी पडद्यापुरती उरलेली नाहीत. ती दुकानात मिळतात. अशा खेळण्याचे खोके घरी उघडताना बॅटरी आहे की नाही, एवढे पाहून भागणार नाही. ते ऐकते काय, आणि ऐकलेले कोणाला सांगते, हे विचारावे लागेल.