लिहिले ते उमटले का?

यंदा दिवाळीला खडकीतल्या आमच्या चाळीसाठी दहा कंदील करण्याचे कन्येने मनावर घेतले. ती इंजिनिअरिंगला. सकाळी निघताना ‘पिककिट-२’ नावाचे मुठीएवढे यंत्र माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बाबा, दहा चिपा तेवढ्या लिहून ठेवा.”

मराठीच्या प्राध्यापकाला लिहायला सांगणे, म्हणजे केवढा सन्मान!

दिव्यांच्या उघडझापीचा प्रोग्राम तिने आदल्या रात्रीच संगणकावरून यंत्रात उतरवला होता. आता संगणक नको. चार्जरची वीज पुरे. आठ पायांची चिप खोबणीत बसवायची आणि बटण दाबायचे. ‘पिक १२एफ६७५’ हे चिपचे नाव. तिच्यात प्रोग्रामचे अवघे १०२४ शब्द मावतात. माझी नुसती प्रस्तावनाच तेवढी होते!

सहा चिपा झाल्या. सातवीला तांबडा दिवा लुकलुकू लागला. पाहतो तो एक पाय वाकलेला. संध्याकाळी कन्येने उलगडा केला, “यंत्र आधी चिप कोणती ते विचारते, मग लिहिते आणि लिहिलेले पुन्हा वाचून ताडून पाहते.”

मी चपापलो. वीस वर्षे वर्गात बोलतो आहे. समोरच्याला आधी कधी विचारले? हिलाच दोन वर्षांपूर्वी ‘साहित्य घे’ म्हणून महिनाभर सुनावले होते.

रात्री दहाही कंदील उजळले. मी म्हटले, “तुला तिथे बरे वाटते ना गं?”

उत्तराला तिने बराच वेळ घेतला. या वेळी मी मध्ये बोललो नाही.