यंत्राच्या हाती पाककृती : जर्मनीतील अनुभव आणि आपण

जर्मनीत १९९८ पासून ‘शेफकोख’ नावाचा पाककृतींचा एक मोठा संग्रह संगणकावर चालू आहे. त्यात तीन लाखांहून अधिक पाककृती असून त्या बहुतांशी घरोघरच्या गृहिणींनी व हौशी मंडळींनी लिहून पाठविलेल्या आहेत. असे संग्रह आजवर माणसे स्वतः चाळीत असत. आता हे काम एआय एजंटांकडे जाऊ लागले आहे. एजंट म्हणजे आपल्या वतीने शोध घेणारा व निवड करून उत्तर आणून देणारा यांत्रिक गुमास्ता. “घरात वांगी आहेत, पाहुण्यांना गहू चालत नाही, तासाभरात काय करता येईल?” एवढे त्याला सांगावे आणि त्याने पाककृती शोधून आणावी, असा हा व्यवहार आहे.

या गुमास्त्याला संग्रह थेट दिसत नाही. त्याच्या हाती एक शोधसाधन दिले जाते आणि त्या साधनासोबत एक माहितीपत्रक असते. साधनाचे नाव, त्याचे काम, त्याला काय विचारता येते, उत्तर कोणत्या रूपात मिळते, हे त्यात लिहिलेले असते. अमेरिकेतील अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची जी पद्धत सर्वांसाठी खुली केली, तिच्यातही साधनाचे असे वर्णन दिले जाते. माणूस पत्रक न वाचताही चार ठिकाणी हात घालून पाहतो. यंत्र मात्र पत्रकावर विसंबते आणि पत्रकात जे नाही ते पुष्कळदा अंदाजाने भरते. म्हणून हे पत्रक लिहिणे ही कारकुनी बाब आहे असे आम्हांस वाटत नाही.

जर्मन स्वयंपाकघरातीलच उदाहरणे घ्या. तेथे ‘क्युमेल’ म्हणजे शहाजिऱ्याच्या जातीचा एक मसाला. आपल्या जिऱ्याला ते ‘क्रॉइट्सक्युमेल’ म्हणतात आणि ‘श्वार्त्सक्युमेल’ म्हणजे कलौंजी. शोधसाधन केवळ अक्षरे जुळवीत असेल, तर ‘क्युमेल’ विचारणाऱ्यापुढे तिन्हींच्या पाककृती येऊन पडतील. ‘कोरिआंडर’ या एकाच शब्दात धने आणि कोथिंबीर दोन्ही सामावतात. भट्टीचेही तसेच. वरखालच्या उष्णतेचा आकडा पंख्याच्या भट्टीला लावला तर पदार्थ करपतो; पंखा असेल तर साधारण वीस अंश कमी ठेवतात. साधन कोणत्या भट्टीचा आकडा देते, हे पत्रकात स्पष्ट लिहिले पाहिजे.

येथवर फार तर भाजी बिघडेल. पण काही चुका जिवावर बेततात. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार, जो डिसेंबर २०१४ पासून लागू आहे, विक्रीच्या खाद्यपदार्थांत चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्या यादीत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत आणि मोहरीही आहे. मराठी घरात मोहरीच्या फोडणीवाचून भाजी नाही आणि कुटावाचून कोशिंबीर नाही, हे सांगायला नको. शिवाय बाजारात मिळणाऱ्या हिंगाच्या पुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. साधन जर साहित्याच्या यादीत ‘गहू’ हा शब्द नाही एवढ्यावरून ‘गहूविरहित’ असा शिक्का मारीत असेल, तर हिंगाची आमटी त्या शिक्क्यासह गहू न चालणाऱ्या पाहुण्याच्या पानात पडेल. “ही निवड केवळ लिहिलेल्या शब्दांवरून होते, तिच्यावरून पदार्थ निर्धोक ठरत नाही” हे एक वाक्य पत्रकात हवे. आपल्याला काय कळत नाही, हेही साधनाने सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. कार्ल्सरुहे येथील जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ नोव्हेंबर २००९ रोजी याच शेफकोखविरुद्ध एक महत्त्वाचा निर्णय दिला. ‘मारिऑन्स कोखबूख’ या दुसऱ्या संग्रहातील छायाचित्रे लोकांनी परवानगीवाचून शेफकोखवर चढविली होती. चित्रे आमची नव्हेत, लोकांची आहेत, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. शेफकोख पाककृती प्रसिद्धीपूर्वी तपासते आणि चित्रांवर आपले आचाऱ्याच्या टोपीचे चिन्ह उमटविते, म्हणजे ती आपलीशी करते, तेव्हा जबाबदारीही तिचीच, असे ठरले. साहित्याच्या नुसत्या यादीला लेखनहक्काचे संरक्षण मिळत नाही, हे खरे. पण कायद्याने बंधन नसले तरी पाककृती कोणाची, कोठून आली, हे उत्तरात सांगण्याची सोय साधनात ठेवता येते. ती न ठेवल्यास एजंट दहा घरांच्या कृती एकत्र कालवून बिननावाचे एक उत्तर पुढे करील.

याचा आम्हा मॉरिशसच्या मराठी माणसांशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमची भेंडी येथे ‘लालो’ झाली, वांगे ‘ब्रेंजेल’, कारले ‘मार्गोझ’, दोडके ‘पिपांगाय’ आणि भोपळा ‘जिरोमों’. चुलीपाशी आजीकडून सुनेकडे आलेल्या आमच्या कृती या मिश्र बोलीत आहेत आणि फारच थोड्या कागदावर उतरल्या आहेत. उद्या नातू एजंटाला “पिपांगायची भाजी” विचारील, तेव्हा पुण्याच्या संग्रहात असलेले दोडके त्याला सापडेलच असे नाही; आणि आपल्या घरची कृती तर कोठेच नसेल.

तेव्हा आमचे सांगणे व्यवहाराचे आहे. गावोगावच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवाच्या निमित्ताने तरी वडीलधाऱ्या स्त्रियांकडून कृती लिहून घ्याव्यात. पदार्थाची मराठी, क्रिओल आणि फ्रेंच अशी तिन्ही नावे लिहावीत. वाटीचे माप एकदा ग्रॅममध्ये तोलून नोंदवावे. हिंग, कूट, तीळ यांचा उल्लेख गाळू नये. सांगणाऱ्या बाईंची अनुमती घेऊन तिचे नाव व गाव द्यावे. अशी नोंद असेल, तर उद्या कोणतेही साधन तयार करणाऱ्याला आमच्या कृतींचे पत्रक नीट लिहिता येईल. साधन बनविणारे दूरदेशी असतील. पिपांगाय म्हणजे दोडके, हे त्यांना सांगणे मात्र आमचे काम आहे.