खुजा ओक

ओक म्हटलें कीं विशाल बुंधा व विस्तीर्ण छाया असलेला वृक्ष आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. घरोघर बाळगुटींत उगाळलें जाणारें मायफळ ही ओकाच्याच एका जातीवर कीटकामुळें आलेली गांठ होय, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. ह्याच कुळांतील ज्या झाडाविषयीं आम्ही आज चार शब्द लिहिणार आहों, तें 'वृक्ष' ह्या पदवीस क्वचितच पोंचतें. अमेरिकेंतील पश्चिम टेक्सस, आग्नेय न्यू मेक्सिको व पश्चिम ओक्लाहोमा ह्या रुक्ष मुलखांत तें निव्वळ वाळूवर वाढतें. त्याची उंची बहुधा माणसाच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असते. सैन्यांतील शल्यवैद्य व वनस्पतींचे अभ्यासक व्हॅलरी हॅवर्ड ह्यांच्या नांवावरून रिडबर्ग ह्या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं त्याचें नामकरण केलें. त्याच्या दाट रानास तेथील लोक 'शिनरी' म्हणतात.

गुरें पाळणाऱ्यांचा ह्या झाडावर मोठा रोष आहे, आणि तो अकारण नाहीं. वसंत ऋतूंत त्याच्या कळ्या व कोंवळीं पानें गुरांनीं खाल्लीं, तर त्यांतील टॅनिन ह्या तुरट द्रव्यानें तीं आजारी पडतात, कांहीं दगावतातही. ज्याची गाय मेली त्यास झाडाचे गुण सांगत बसणें शोभत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत टेब्यूथियुरॉन नांवाचें तणनाशक टाकून अशीं मोठमोठीं रानें साफ करण्यांत आलीं, तीं गवत वाढावें म्हणून.

परंतु ज्यांनीं हें झुडूप निरुपयोगी ठरविलें, त्यांनीं त्याचा अर्धाही भाग पाहिलेला नव्हता असें आम्हांस वाटतें. ह्या झाडाचा फार मोठा भाग जमिनीखालीं असतो. एकाच रोपाचे आडवे भूमिगत फांटे वाळूंतून दूरवर पसरतात आणि जागोजागीं वर कोंब काढितात. वरचीं खोडें थोड्या वर्षांत मरतात, वणव्यांत जळतात. खालचें मूळ दीर्घायुषी असून तें पुनः पालवतें. वाऱ्यानें धांवणारी वाळू हेंच जाळें बांधून ठेवतें. नांगरानें उघडी पडलेली माती वाऱ्याच्या स्वाधीन झाली म्हणजे काय होतें, हें ह्या दक्षिण मैदानांनीं १९३० च्या दशकांतील धुळीच्या वादळांत पाहिलेलें आहे.

शिवाय झाडाबरोबर त्याचे आश्रितही जातात. ह्याच टेकड्यांत राहणारा एक लहानसा सरडा दुसरीकडे कोठेंही आढळत नाहीं. २०२४ सालीं अमेरिकन सरकारनें त्याची गणना विनाशाच्या मार्गावरील प्राण्यांत केली. तेलाच्या विहिरी तर तेथें पूर्वीपासूनच आहेत; २०१७ पासून खडक फोडून तेल काढण्याच्या कामीं लागणारी वाळू खणण्यासाठीं पश्चिम टेक्ससमध्यें खाणीही निघाल्या आहेत. तणनाशक निदान वाळू जागेवर ठेवी. खाण तीही उचलून नेते.

आमचें मत असें कीं, कळ्या फुटण्याच्या त्या थोडक्या आठवड्यांत गुरें अन्यत्र चारावीं, आणि वाळूच्या टेकड्यांवरील रान तरी सर्वथा राखावें. ह्यांत धन्याचें नुकसान नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें मोजतां येतें व भरून काढितां येतें. हा ओक मात्र बीजापासून क्वचितच नव्यानें रुजतो. एकदां मुळासकट गेला, म्हणजे सहसा परत येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, अमेरिकेंतील त्या वाळूशीं तुमचा काय संबंध, असें तुम्ही विचाराल. संबंध इतकाच कीं, 'हें कांहीं कामाचें नाहीं' हा निकाल आपण सर्वच फार लवकर देतों. आम्ही शिक्षकही वर्गांतील मुलांविषयीं तो पुष्कळदां देतों. तो देण्यापूर्वीं थोडें खणून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.