जोराच्या पाण्यात कच्ची दोरी नको

पूर्वेकडे पोस्टिंग झालेल्या अधिकाऱ्यांच्या सामानात बरेचदा एक रॉड असतो. सियांग, सुबनसिरी, कामेंग या नद्यांतला सोनेरी महाशीर हे त्याचं कारण. मेसमध्ये गप्पा रंगल्या की एक मतही हटकून ऐकू येतं: खरा खेळाडू कमी ताकदीच्या दोरीवर मोठा मासा काढतो. मला हे अजिबात पटत नाही. जोराच्या प्रवाहात कच्चं सामान वापरणं म्हणजे माशाचा छळ आहे.

आधी हा खेळ कसा चालतो ते सांगतो. भालुकपोंगला कामेंग डोंगर सोडते आणि आसामात जिया भोरोली या नावाने ब्रह्मपुत्रेला मिळते. तिथे काठावरून धातूचा स्पून टाकायचा तर पहिलं काम पाणी वाचण्याचं. महाशीर भर धारेत ताकद वाया घालवत थांबत नाही. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, ओढा नदीला मिळतो तिथे, किंवा वेगवान आणि संथ पाण्यामधल्या फेसाच्या रेघेवर तो भक्ष्याची वाट पाहतो. स्पून समोर, किंचित वरच्या अंगाला फेकावा, बुडू द्यावा आणि दोरी ताठ राहील इतकीच ढील गुंडाळावी. बाकीचं काम नदी करते. स्पून कमानीत फिरत काठाकडे येतो आणि बहुतेक वेळा त्या वळणाच्या शेवटी झडप बसते. सरळ खालच्या दिशेला फेकून ओढला, तर तो वर येऊन गरगरतो आणि दोरीला पीळ बसतो.

मासा लागला की तो प्रवाहाबरोबर खाली पळतो. आता त्याच्या ताकदीत पाण्याचा रेटाही मिसळलेला असतो. दोरी कच्ची असेल तर त्याला थोपवता येत नाही, फक्त दमवत बसावं लागतं. मग फोटो काढून सोडलेला तो मासा पोहण्याच्या अवस्थेत नसतो आणि तोच प्रवाह त्याला दगडांवरून फरफटत नेतो. सोडल्याचं पुण्य आपल्या नावावर, मरण त्याच्या वाट्याला. सोनेरी महाशीर आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त आहे, म्हणून हा हिशोब महत्त्वाचा.

जाड नायलॉन प्रवाहात फुगतं आणि स्पून वर उचलला जातो, ही तक्रार खरी आहे. पण आजची विणलेली दोरी बारीक असूनही भक्कम असते. ती वापरा. माशाच्या मागोमाग काठाने खाली चालत जा, त्याच्या खालच्या अंगाला या आणि बाजूने ओढा. तीन टोकांचा गळ काढून एकेरी लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. ‘मग मासा सुटतो’ असं कुणी म्हणेल. दोरी ताठ असेल तर क्वचितच सुटतो. आणि सुटला, तरी तो आपण सोडणारच होतो ना? गळ पाण्यातच काढा.

काठावरच्या गावकऱ्याला मात्र हे ऐकवायला जाऊ नका. तो पोटासाठी जाळं टाकतो, आपण हौसेसाठी गळ. नियम आधी हौशी माणसाने पाळावा. परवाना काढावा आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकूच नये.

आपल्याकडच्या महाशीराला, म्हणजे खडशीला, 1839 मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते कर्नल साइक्स या फौजी माणसाने, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकऱ्यांनी हेच मासे देवाचे म्हणून राखले. लोणावळ्याला वळवण इथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्यांची पैदास चालते. मासा ओळखण्याची आणि राखण्याची ही परंपरा आपलीच आहे.

शेवटी जिवाची गोष्ट. गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका. काठाशी पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा. तो बुडाला की लगेच बाहेर पडा. वर धरणं आहेत, पाऊस आहे. निवृत्त मित्रांनो, तुमच्या जुन्या रॉडची पेटी उघडाल तेव्हा पक्कड सोबत ठेवा. आणि रॉड नातवाच्या हातात देण्याआधी ते उलटे काटे त्याच्याकडूनच दाबून घ्या.