बशीत मरतो, मेंदूत टिकतो

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनाजवळच नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज आहे. १९५०च्या सुमारास डॉ. शंभुनाथ डे तिथे पटकीवर काम करत होते. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ सालीच कोलकात्यात ओळखला होता, पण प्राण्यांमध्ये तो रोग नीट दिसेना. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधला आणि जंतू थेट त्यात सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. १९५३ साली हे छापून आलं. जंतू जुनाच, जागा तेवढी बरोबर निवडली!

मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या रोगाच्या औषधांचंही असंच आहे. न्यूमोकोकस हा जंतू फुफ्फुसात वाढला तर न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणात शिरला तर मेनिंजायटिस. त्याची वाढ रोखायला मिलीलिटरमागे १ मायक्रोग्रॅम पेनिसिलिन लागत असेल, तर न्यूमोनियात शिरेतून दिलेलं पेनिसिलिन चालतं. मेनिंजायटिसमध्ये मात्र ०.१२ लागलं तरी तो जंतू पेनिसिलिनला दाद न देणारा धरतात. कारण रक्तातलं औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात थोडंच झिरपतं.

किती झिरपतं, हे बशीत वाढवलेल्या जंतूंवरून कळत नाही. म्हणून सशाला भूल देऊन मानेच्या मागून जंतू सोडतात, औषध देतात आणि थोड्या थोड्या वेळाने ते पाणी काढून जंतू मोजतात. त्यातून कळलं, की बशीत जेवढ्याने जंतू मरतो त्याच्या निदान दहापट औषध तिथे पोचावं लागतं.

मोठा पेच पुढेच आहे. सूज असते तेव्हा औषधाला वाट थोडी मोकळी होते. ती सूज उतरवायला डेक्सामेथासोन दिलं, तर सशांमध्ये व्हॅन्कोमायसिन कमी पोचलं. दाद न देणाऱ्या जंतूवर सेफ्ट्रिॲक्सोनच्या जोडीला हेच तर देतात! पुढे रुग्णांमध्ये मोठ्या मात्रेत ते पुरेसं पोचताना दिसलं. ससा म्हणजे माणूस नव्हे, हेही खरंच.

घरात लहान मूल असेल तर न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. आणि ताप, मान ताठ, उलट्या, गुंगी असं एकत्र दिसलं, तर घरातल्या उरलेल्या गोळ्या शोधत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.