बटुदीर्घिकांचा हिशेब : जुळले म्हणजे सिद्ध झाले काय?

संगणकाच्या पडद्यावर घडवलेले विश्व आणि दुर्बिणीतून दिसणारे विश्व यांत सर्वाधिक भांडण झाले ते सर्वांत लहान दीर्घिकांवरून. 1999 मध्ये क्लिपिन आणि मूर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की सिम्युलेशननुसार आकाशगंगेभोवती कृष्णद्रव्याचे शेकडो लहान पुंजके असावयास हवेत. प्रत्यक्षात तेव्हा ज्ञात असलेल्या उपदीर्घिका जेमतेम डझनभर होत्या. ही तफावत पुढे बरीच मिटली. स्लोन सर्वेक्षणातून अतिमंद बटुदीर्घिका सापडत गेल्या आणि बहुतेक लहान पुंजक्यांत तारे जन्मूच शकत नाहीत, हेही उमगले.

तथापि, बटुदीर्घिकेच्या गाभ्यात कृष्णद्रव्य किती दाटलेले असते, हा प्रश्न तितका सोपा नाही. केवळ कृष्णद्रव्याच्या सिम्युलेशनमध्ये घनता केंद्राकडे झपाट्याने वाढत जाते. अनेक दीर्घिकांच्या निरीक्षणांत ती सपाट भासते. अतिनवताऱ्यांचे स्फोट वायूला वारंवार बाहेर फेकतात, गुरुत्वाकर्षण हेलकावते आणि कृष्णद्रव्य केंद्रापासून दूर सरते, असे स्पष्टीकरण पाँट्झेन आणि गव्हर्नाटो यांनी 2012 मध्ये मांडले. स्पष्टीकरण सुरेख आहे. परंतु वायू किती दाट झाल्यावर तारे जन्मावेत, हा आकडा सिम्युलेशन लिहिणाराच ठरवतो. तो उंच ठेवला की गाभा सपाट होऊ शकतो. खाली ठेवला की होत नाही. अशा आकड्याच्या बळावर साधलेल्या जुळणीला पुरावा म्हणणे घाईचे ठरेल.

दोष एकट्या संगणकाचाही नव्हे. सिम्युलेशनला प्रत्येक कणाचे स्थान आणि वेग ठाऊक असतो. दुर्बिणीला मात्र वायूचा केवळ आपल्या दृष्टिरेषेतील वेग कळतो. ओमान आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये सिम्युलेशनमधील दीर्घिकांची कृत्रिम निरीक्षणे तयार करून त्यांवर खगोलज्ञांची नेहमीची पद्धत चालवली. गाभा मुळात दाट असूनही अनेकदा तो सपाट असल्याचा निष्कर्ष निघाला, कारण वायू शुद्ध वर्तुळात फिरत नव्हता! ही परीक्षा ऐच्छिक न राहता प्रत्येक तुलनेची पूर्वअट व्हायला हवी.

या वादात भारत प्रेक्षक नाही. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर उदासीन हायड्रोजन टिपतात. बेगम, चेंगलूर आणि कराचेन्त्सेव्ह यांनी याच दुर्बिणीतून एनजीसी 3741 या बटुदीर्घिकेचा हायड्रोजन तिच्या प्रकाशमान भागाच्या आठपटींहून दूर पसरल्याचे 2005 मध्ये दाखवले. फिग्ज सर्वेक्षणाने अशा मंद, वायुसमृद्ध दीर्घिकांचा मोठा संग्रह उभा केला. 2024 मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र महासंगणक आले. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे प्रकल्पासाठी सुमारे 1,250 कोटी रुपये मंजूर झाले आहेत. यंत्रे आहेत, विदाही आहे. उणीव भासेल ती दोन्ही भाषा जाणणाऱ्या हातांची. सिम्युलेशन करणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा तरी जीएमआरटीची कच्ची विदा स्वच्छ करावी. निरीक्षकाने तारेनिर्मितीचा तो आकडा स्वतः बदलून पाहावा. पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी हे शक्य आहे, आणि त्यासाठी नव्या दुर्बिणीची वाट पाहण्याचे कारण नाही.